निवांत हात

रेवाला डाव्या कुशीत घेऊन उजव्या अंगठ्याने लिहायची मला इतकी सवय झाली होती, की दोन्ही हातांनी मोबाइल धरला तर तो परका वाटायचा. देवरे मॅडमना पाठवायचा मेसेजही मी तसाच लिहिला. 'मॅडम, सहज आठवण करून देतेय. मागच्या मेसेजला उत्तर द्यायला वेळ झाला नसेल. स्टेबिलिटीत जागा निघाली तर जरूर कळवा.' मग 'जरूर' खोडलं. परत घातलं. 'सहज' खोडलं, तर वाक्य उघडं पडल्यासारखं वाटलं, म्हणून तेही परत घातलं. तेवढ्यात दूध पिता पिता रेवाने दात लावले. तिला सोडवून घेतलं, दुसऱ्या बाजूला घेतलं, आणि मेसेज पाठवून टाकला.

हा त्यांना केलेला तिसरा फॉलोअप. पहिल्याला त्यांच्याकडून नुसता एक अंगठा आला होता. दुसऱ्याला काहीच नाही.

देवरे मॅडम माझ्या पहिल्या नोकरीतल्या वरिष्ठ. अंबडच्या औषध कंपनीत मी त्यांच्या हाताखाली चार वर्षं होते. स्टेबिलिटी म्हणजे औषध किती काळ टिकतं ते पाहायचं काम. ठरावीक उष्णतेत आणि दमटपणात, कपाटाएवढ्या चेंबरमध्ये गोळ्या ठेवायच्या, ठरलेल्या महिन्यांनी काढायच्या, आत औषध किती उरलंय आणि त्याचं दुसरं काय काय झालंय ते मोजायचं. मला ते काम आवडायचं. माझ्या स्वभावाला पटायचं. मी सगळ्या गोष्टींवर नजर ठेवून असते. पोटाचा घेर सांभाळत मी शेवटच्या दिवशी निघाले तेव्हा मॅडम गेटपर्यंत आल्या होत्या. 'परत यावंसं वाटेल तेव्हा मला फक्त एक मेसेज टाक,' म्हणाल्या होत्या. नंतर त्या दिंडोरी रोडच्या नव्या कंपनीत क्वालिटीच्या प्रमुख झाल्या. माझी आधीची लॅब हैदराबादला हलली. म्हणजे नाशकात माझ्या कामाची जागा असेल तर ती मॅडमकडेच.

मला ती जागा हवी होती. हौस म्हणून नाही. घरी बसून माझ्यातलं काहीतरी कमी होत चाललंय हे मला रोज जाणवत होतं, आणि ते कोणाला सांगायला गेलं की 'अगं, मूल लहान आहे, मजा कर' असं ऐकायला मिळायचं.

'वर्तुळ' माहीत नाही असा पदवीधर आता सापडायचा नाही, तरी सांगते. कामाधंद्याच्या ओळखी जपायची ही साइट आधी इतर साइटींसारखीच होती. मग मेसेज लिहून देणारी यंत्रं आली आणि एकेका साहेबाच्या पेटीत रोज हजारो गोड, बिनचूक, एकसारखी पत्रं पडायला लागली. कोणी वाचेना. तेव्हा वर्तुळाने नियम केला की मेसेज माणसाने स्वतःच्या बोटांनी टाइप केला असेल तरच पोचेल. कुठून उचलून चिकटवलेला चालणार नाही, बोलून लिहवून घेतलेला चालणार नाही. मेसेजशेजारी पंजाची छोटी खूण येते. लोकांना ते आवडलं. मलाही आवडलं. परत माणसं माणसांना लिहिणार, म्हणून.

पण बोटं खरी आहेत हे ओळखायचं कसं? तर लयीवरून. एका अक्षरावर बोट किती वेळ टेकतं, तिथून पुढच्यावर जायला किती वेळ घेतं, कुठे अडतं, किती खोडतं, त्या वेळी मोबाइल कसा कलतो, किती हलतो. कंपवाताची सुरुवात हात दिसण्याइतका थरथरायच्या आधीच टायपिंगमध्ये पकडता येईल का, यावर डॉक्टर मंडळी बरीच वर्षं काम करत होती. पद्धत तिकडूनच घेतली. ही लय सहीसारखी प्रत्येकाची वेगळी असते, आणि तिच्यावर झोपेचा, थकव्याचा, धास्तीचा परिणाम होतो. वर्तुळाकडे कोट्यवधी मेसेजांच्या लयी होत्या आणि त्या मेसेजांचं पुढे काय झालं हेही होतं. कोणी काय मागितलं, शेवटी कशावर तयार झाला. दोन्ही शेजारीशेजारी ठेवलं. गरज म्हणजे काय, हे यंत्राला कोणी शिकवलं नाही. कोणत्या लयीचा माणूस कमीत तयार होतो, एवढंच ते शिकलं. वर्तुळाने त्याला 'निकड' असं नाव दिलं. पैसे भरणाऱ्या कंपन्यांना ती दिसते. लिहिणाऱ्याला स्वतःची दिसत नाही.

मी मोजमापाच्या धंद्यातली आहे. पद्धतीत कुठे खोट सापडते का ते मी पुष्कळ शोधलं. नाही सापडली.

माझी निकड मला प्रज्ञाने दाखवली. प्रज्ञा मोगल माझी कॉलेजातली मैत्रीण, गंगापूर रोडला नोकरभरतीचं काम करणाऱ्या एका कंपनीत आहे. ती म्हणाली, "तू देवरेंना केलास तोच मेसेज मला टाइप करून पाठव. तशीच बसून, तशीच रेवाला घेऊन. उगाच ऐटीत बसू नकोस." मी पाठवला. संध्याकाळी ती घरी आली आणि तिने तिचा मोबाइल माझ्यासमोर धरला.

निकड तीव्र. एका हाताने लिहिलेले. वारंवार खंड. घरात तान्हे मूल असण्याची शक्यता जास्त. सूचना: उत्तर लांबवा.

"लांबवा म्हणजे?"

"म्हणजे दर फॉलोअपला तुझी अपेक्षा खाली येते. चौथ्या-पाचव्यापर्यंत तू काहीही दिलं तरी हो म्हणशील."

"देवरे मॅडम असं करणार नाहीत."

"त्या कुठे काय करतायत गं. त्यांना तू दिसतच नाहीस. असे मेसेज आपोआप तळाला जातात. त्यांना वाटत असेल, केतकी खैरनार एकदा बोलली नि विसरली."

हे जास्त लागलं. मॅडमचा राग धरता आला असता तर बरं झालं असतं. फोन करावा, तर नोकरी मागणाऱ्याशी वर्तुळाबाहेर बोलायची साहेबांना परवानगी नसते.

दुसऱ्या दिवशी मी रेवाला झोळीत झोपवलं, जेवायच्या टेबलाशी ताठ बसले, दोन्ही अंगठ्यांनी, न खोडता, एका लयीत लिहिलं आणि प्रज्ञाला पाठवलं. झोळीकडे कान होता, पण बोटं थांबू दिली नाहीत. तिचं उत्तर आलं: 'निकड तीव्रच. आणि खाली लिहिलंय, निवांतपणा ओढूनताणून आणलेला. सोड गं, ते फार हुशार आहे.'

माझा नवरा भूषण त्या दिवशी कामावरून आला, जेवायला बसला, आणि मी हे सगळं त्याच्या ताटाशी ओतलं. तो सातपूरला मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात परचेसला होता. लोखंड, रबर, रंग, सगळं विकत घ्यायचा.

"म्हणजे मोबाइल नाडी बघतो तुझी," तो म्हणाला.

"तसंच समज."

"मग माझी पण बघू दे की. दे इकडे."

हात पुसून त्याने माझा मोबाइल घेतला आणि माझ्याच खात्यावरून प्रज्ञाला लिहिलं, 'रविवारी जेवायला ये. भरीत करतोय.' वांगी भाजायची कोणी, हा प्रश्न त्याला पडला नव्हता. दोन मिनिटांत प्रज्ञाचा फोन. "हे कोणी लिहिलं? निकड नाही, हात निवांत, सूचना तत्काळ उत्तर द्या. मी तीन वर्षांत असा हात पाहिला नाही. भूषणराव, तुम्ही माणूस आहात की साधू?"

"परचेसवाला आहे," भूषण ओरडून म्हणाला. "आम्ही कोणाकडे जात नाही, लोक आमच्याकडे येतात."

ते खरं होतं. दिवसभर त्याच्या मागे सप्लायर लागलेले असायचे. तो फॉलोअप करायचा तेव्हाही समोरच्याची गरज असायची, त्याची नाही. त्याच्या अंगठ्यांना मागायचं कसं ते माहीतच नव्हतं.

मग त्याने देवरे मॅडमना लिहिलं. मी शेजारी बसून. 'मॅडम, तुमचं नवीन युनिट सुरू झालं असं ऐकलं. चेंबर कुठले घेतलेत? मी आता परत काम सुरू करतेय. कधी वेळ असेल तेव्हा बोलू.'

"जागा आहे का ते विचारलंच नाहीस."

"विचारायचं नसतं."

"मग त्यांना कळणार कसं?"

"केतकी, तू दुकानात गेल्या गेल्या 'मला ही साडी हवीच आहे' म्हणतेस का?"

मी तसंच म्हणते, हे त्याला माहीत होतं. तो हसला. मीही हसले. दुसऱ्याच्या हाताने लिहिणं वर्तुळाच्या नियमांत बसत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं; मेसेज पोचवताना मात्र ते बोटं माणसाची आहेत एवढंच बघतं. पण नवरा म्हणजे काही दुसरा नव्हे, असं आम्ही दोघंही धरून चाललो. घरात एकमेकांचे मोबाइल आपण वापरतो, एकमेकांच्या वतीने लाइटबिल भरतो, सोसायटीच्या मीटिंगला एकाने सही केली की दोघांची होते. त्यातलंच हे एक.

मॅडमचं उत्तर दुपारी आलं. 'अगं केतकी, कुठे होतीस? किती दिवसांनी.'

पुढचे काही आठवडे रात्रीचं जेवण आटपलं की भूषण माझा मोबाइल घ्यायचा. मी लॅबमधली माहिती सांगायची, तो लिहायचा. मॅडमनी चेंबरच्या तक्रारी सांगितल्या, त्याने 'सप्लायरला सर्व्हिसचा करार आधी दाखवायला सांगा, मग बोला' असं काहीतरी लिहिलं. मॅडमना ते फार आवडलं. 'तू बदललीस गं. चांगलं वाटतंय,' असा मेसेज आला. भूषणने तो मला मोठ्याने वाचून दाखवला, आणि वाचताना त्याचा चेहरा कसा झाला ते मी पाहिलं. शाबासकी मिळालेल्या माणसासारखा.

"मला जमायला लागली ही केतकी," तो म्हणाला.

"लग्नाआधी जमायला हवी होती."

"ती वेगळी. ती फार विचार करते."

मी भांडी घासायला उठले. भांडी फारशी नव्हती. मॅडम ज्या केतकीशी बोलत होत्या ती मला ओळखीची वाटत नव्हती, पण तिचा हेवा वाटत होता. ती कशाचंही स्पष्टीकरण देत नसे. तिच्या वाक्यांना 'जमलं तर', 'वेळ असल्यास' अशा शेपट्या नसत. माझं नाव, माझा फोटो, माझी पदवी वापरून ती बिनघोर वावरत होती. तिला दूध पाजायचं नव्हतं.

मुलाखतीला मात्र मलाच जावं लागलं. रेवाला प्रज्ञाकडे सोपवून मी दिंडोरी रोडच्या कंपनीत गेले. समोर मॅडम आणि आणखी एक जण. त्यांनी विचारलं, सहाव्या महिन्याच्या तपासणीत निकाल मर्यादेबाहेर आला, बाकी सगळे बरोबर आहेत, तर काय करशील? मला दरवाजा उघडावा तसं सगळं आठवलं. आधी मोजणारं यंत्र, मग मोजणारा माणूस, मग नमुना, आणि या तिघांचं निर्दोषपण सिद्ध झाल्याशिवाय दुसरा नमुना उघडायचा नाही. नको असलेला निकाल फक्त नको आहे म्हणून खोडायचा नाही. मी बोलत होते आणि छाती दुधाने भरून येऊन दुखत होती, कोपराने दाबून धरत होते, ओढणी पुढे घेत होते. पण मी चांगली बोलले. हे मी आजही म्हणते. ते उत्तर माझं होतं.

निघताना मॅडमनी पाठीवर हात ठेवला. "एवढे मेसेज येतात गं. सगळे रडके. तुझा आला की बरं वाटायचं."

"हो, मॅडम," मी म्हटलं.

ऑफर आली. सटाण्याहून सासूबाई येऊन राहायला तयार झाल्या. आधी 'एवढ्या लहान पोरीला टाकून' म्हणाल्या आणि मग स्वतःच विचारलं की रेवाला नाचणीचं सत्त्व चालतं का. मी दोन कुर्ते शिवायला टाकले. आता नोकरी लागल्यावर कंपनीतल्या मेसेजांना हात कोणाचा लावायचा, हा प्रश्न मी भूषणला एकदाच विचारला. तो म्हणाला, "तेव्हा तुला निकड कशाला असेल? मिळालेली असेल ना नोकरी." मला ते इतकं पटलं की मी त्या रात्री सलग झोपले.

बदल मला त्याच्या डब्यात दिसला. भाजी तशीच परत यायला लागली. मग तो लवकर घरी यायला लागला. मग सप्लायरांच्या नकला करणं बंद झालं. मी विचारलं की 'काही नाही, काम कमी आहे.' शेवटी एकदा रेवा त्याच्या पायावर उभी राहून त्याच्या गुडघ्यांना धरून चालायला शिकत होती, तो तिच्याकडे बघतच नव्हता, तेव्हा मी टीव्ही बंद केला.

"दुसाने साहेबांनी बोलावलं होतं," तो म्हणाला. दुसाने त्याचे वरचे अधिकारी. "वर्षाच्या करारांतून मला काढलं. माझ्या जागी बसवायला एकाला तयार करतायत."

"का?"

"मी नोकरी शोधतोय म्हणून."

"तू कुठे शोधतोयस?"

"तेच म्हटलं मी. त्यांनी मॉनिटर माझ्याकडे फिरवला. वर्तुळाची एक सेवा आहे, कारखाने घेतात. आपल्या माणसाचा हात कुठे नोकरीच्या बोलण्यात दिसला की कळवायची. नाव बघत नाहीत गं ते. लोक बायकोच्या, भावाच्या नावाने शोधतात, म्हणून थेट हातच बघतात. त्यांच्याकडे आहे, खैरनार यांचा हात दिंडोरी रोडच्या औषध कंपनीशी दोन महिने बोलतोय."

मी रेवाला उचलून घेतलं. ती रडायला लागली.

"तू सांगितलंस काय?"

"काही नाही. म्हटलं, काहीतरी चूक असेल. ते म्हणाले, असेल तर लिहून द्या, कोणाचा हात आहे तो."

म्हणजे त्याने खरं सांगितलं, तर माझं खातं जाणार आणि त्याच्यासोबत ऑफर. नाही सांगितलं, तर तो हळूहळू बाहेर. त्याने मला काहीच विचारलं नाही. दोन दिवस मी मनातल्या मनात त्याला घरी बसवून पाहिला. रेवाला भरवताना, झोळी हलवताना, दुपारी कोणाच्या तरी उत्तराची वाट बघताना. मी गाडी काढून दिंडोरी रोडला निघाले आहे आणि तो गॅलरीत उभा आहे. चित्र अगदीच अशक्य नव्हतं. इतकी बायकामाणसं तशी जगतात. पण घर त्याच्या पगारावर उभं होतं, माझा पगार सुरुवातीला निम्माही नव्हता. आणि शिवाय, त्याने काही केलं नव्हतं. माझ्यासाठी चार ओळी लिहिल्या होत्या.

"खरं सांग त्यांना," मी म्हटलं.

"तुझं जाईल."

"माहीत आहे."

"परत मिळणार नाही, केतकी."

"भूषण, मला माहीत आहे. तू परत परत नको सांगूस."

त्याने लिहून दिलं, आणि ते कारखान्याकडून वर्तुळाकडे गेलं. दुसऱ्याच दिवशी मला वर्तुळाची सूचना आली. दुसऱ्याच्या हाताने लिहिल्याबद्दल खातं पाच वर्षं बंद. तासाभरात कंपनीचं पत्र, उमेदवाराची ओळख पडताळता न आल्यामुळे प्रस्ताव मागे घेत आहोत. त्याखाली माणसाचं नाव नव्हतं. मी मॅडमना फोन लावला. उचलला नाही. शिवलेले कुर्ते त्याच संध्याकाळी दुकानातून आले, तेव्हा मी ते घेतले आणि शिलाई चांगली झालीय असं सांगितलं.

आणि भूषणचं काय, तर दुसाने साहेब त्याच्याशी फार चांगलं बोलले. "बायकोसाठी केलंत, माणूस म्हणून मला पटतं," म्हणाले. "पण परचेसला बसलेल्या माणसाच्या शब्दावर सप्लायर माल पाठवतो. उद्या त्यांना कळलं की खैरनारांचा हात खैरनारांच्या नावाला बांधलेला नाही, तर?" त्यांनी त्याला राजीनामा लिहायला वेळ दिला. तो त्याने तिथेच बसून लिहिला, असं सांगताना त्याला हसू आलं. "तो पण निवांत हाताने लिहिला मी."

आम्ही खरं सांगितलं त्याचा एवढाच उपयोग झाला.

सासूबाईंना येऊ नका म्हणून कळवलं. कारण सांगितलं नाही, त्यांनी विचारलंही नाही. नाचणीचं सत्त्व तेवढं कुरियरने आलं.

आता भूषण स्वतःच्या खात्यावरून लिहायचा. सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून गॅलरीत खुर्ची टाकायचा. पहिले काही दिवस उत्तरं आली, अगदी पटापट. दोन ठिकाणी बोलणीही झाली. पण कोणीतरी दुसान्यांना फोन करायचं आणि बोलणं थांबायचं. मग उत्तरं कमी झाली. मी आतून पोळ्या लाटताना त्याच्याकडे बघत असायचे. एक दिवस तो लिहिता लिहिता थांबला. अंगठा अक्षरांवर तसाच वर राहिला. मग त्याने खोडलं. लिहिलं, खोडलं. डावा पाय हलत होता. मी पोळी करपवली. तुझा हात बिघडायला लागलाय असं त्याला सांगितलं असतं, तर तो आणखी लवकर बिघडला असता.

मॅडमचा फोन आला तेव्हा तो रेवाला खाली बागेत घेऊन गेला होता.

"केतकी, रागावलीस ना?"

"नाही, मॅडम."

"मला त्या दिवशी उचलता आला नाही. उचलायची परवानगीच नव्हती, खरं सांगते. तुझं काम मी पाहिलंय. मुलाखतीत तू जे सांगितलंस ते तर..." त्या थांबल्या. "माझ्या हातात असतं तर."

मी गॅलरीतली त्याची खुर्ची आत ओढली.

"एक विचारू? ते मेसेज लिहायचं कोण?"

"माझा नवरा."

"त्यांचं काम सुटलं असं ऐकलं."

"हो."

"आमच्याकडे बाहेरच्यांशी लिहायला माणूस हवाय. परदेशातल्या कंपन्या, सरकारी मंजुरीवाले, सप्लायर. सगळ्यांकडे आता निकड दिसते गं, कंपनीची पण दिसते. आमची मुलं लिहितात आणि समोरचा लगेच ओळखतो, यांना घाई आहे. फॉलोअप केला की तो अजून लांबवतो. असा हात आम्ही वर्षभर शोधतोय, मिळत नाही. स्वतःच्या नावाने लिहायचं, उघड, सगळं रीतसर. दुसान्यांचं मी बघून घेईन. येतील का ते?"

माझ्या तोंडून निघून गेलं. "आणि मी, मॅडम?"

पलीकडे कोणीतरी दार लावल्याचा आवाज आला.

"तुझं खातं बंद आहे ना गं," त्या अगदी मऊ आवाजात म्हणाल्या. "खात्याशिवाय माणूस घेताच येत नाही. पाच वर्षांनी बघू. तू तेव्हा मला..." मेसेज टाक, असं त्या म्हणणार होत्या. नाही म्हणाल्या. "त्यांना आज-उद्याच विचार. या आठवड्यात हाताची चाचणी घेऊन टाकू. काम सुटलेल्या माणसाचा हात फार दिवस तसा राहत नाही. आमच्याकडे त्याचे आकडे आहेत."

"विचारते," मी म्हटलं.

फोन ठेवला आणि तशीच उभी राहिले. लिफ्टचा आवाज आला. भूषणला न सांगणं मला जमलं असतं. आणखी एक आठवडा, फार तर दोन, मग त्या हातात काही उरलं नसतं आणि मॅडमनी दुसरा कोणी शोधला असता. माझ्या जागेचा दरवाजा ज्याने उघडला तोच आत जाऊन बसणार, आणि मी इथून त्याचा डबा भरून देणार, हे मला दिसत होतं. ते किती स्पष्ट दिसतंय याचंच मला नवल वाटलं. भाजी कोणती असेल तेही दिसत होतं.

दार उघडून तो आत आला. रेवा त्याच्या कडेवर होती, तिच्या मुठीत कसलीतरी पानं होती, आणि त्याच्या मोकळ्या हातात मोबाइल. तो चालता चालता एका अंगठ्याने कोणाला तरी लिहीत होता.

"कोणाचा फोन होता?" त्याने मान वर न करता विचारलं.

"तुझ्यासाठी होता," मी म्हटलं, आणि रेवाला त्याच्याकडून काढून घेतलं.